सरलाबाईंचा घास

पर्वत पाटियाजवळच्या चाळीत सरलाबाईंची खानावळ होती. कापडाच्या लूमवर आणि कापड रंगवायच्या डाईंगमध्ये राबणारी, खानदेशातून आलेली माणसं तिथं जेवायला यायची. कुणाला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी लागते, कुणाच्या भाजीत तिखट कमी घालायचं, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. स्वतः मात्र त्या सगळ्यांच्या मागून, चुलीशी बसून जेवत. त्यामुळे त्यांच्या ताटात काय असतं ते कुणी बघितलंच नाही.

आधी भाकरी छातीत अडकू लागली. त्यांनी ती वरणात कुस्करून खाल्ली. मग तीही उतरेना, तेव्हा पेज आणि चहावर आल्या. गल्लीतल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या निमूटपणे घेत राहिल्या. नवरा धुडकू पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला होता. रविवारी सुट्टीला घरी असताना त्याला बायकोच्या गळ्याशी वर आलेली हाडं दिसली.

"घास उतरस नही का तुना?" त्यानं विचारलं.

"नही उतरस," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ निघाली. तुकडा तपासून आला, कॅन्सर होता. धुडकूनं लगेच विचारलं, ऑपरेशन कधी? सर्जन म्हणाले, आधी ही गाठ कुठवर गेली आहे ते बघायचं. यकृतात किंवा फुप्फुसात पोचली असेल तर कापून उपयोग नाही, मग पाणी उतरावं म्हणून फक्त नळी बसवता येईल. धुडकूचं सगळं आयुष्य कापडात गेलं होतं. डाग वरवरचा आहे की आरपार, हे आधी पाहावं लागतं, इतकं त्याला उमगलं.

छातीचा फोटो झाला, सोनोग्राफी झाली, स्कॅन झालं. रिपोर्ट येईपर्यंत सून नूतननं खानावळ सांभाळली. जेवणारे वाढलेलं जेवून उठायचे, भाजीला नाव कुणी ठेवलं नाही.

यकृत स्वच्छ निघालं, फुप्फुसंही. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं: अन्ननलिका काढून टाकायची, जठराची नळी करून वर ओढायची आणि मानेत जोडायची. ऑपरेशन मोठं होतं, जिवाला धोका होता, हेही त्यांनी लपवलं नाही. सरलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. पुढे चव कळेल का?

"सरलाबेन, स्वाद जीभ में होता है, नली में नहीं," सर्जन म्हणाले.

त्यावर त्यांनी संमतीच्या कागदावर अंगठा दिला.

ऑपरेशन दिवसभर चाललं. शुद्धीवर आल्या तेव्हा पोटाला नळी होती, तिच्यातून दूध आणि पातळ पेज थेट आतड्यात जात होती. तोंडाला थेंबही लावायचा नव्हता. ओठ कोरडे पडले की नूतन ओला कापूस फिरवायची. दातांना तंबाखूची मिश्री लावायची इतक्या वर्षांची सवय याच दिवसांत सुटली. मग एकदा औषध गिळायला लावून एक्स-रे काढला. मानेतला जोड कुठं गळत नव्हता. नर्सनं चमच्यानं पाणी दिलं, आणि ते न अडकता खाली गेलं. सरलाबाईंनी डोळे मिटून घेतले. नूतनला वाटलं, दुखलं. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि आणखी एक चमचा मागितला.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट नंतर आला. गाठ अन्ननलिकेच्या भिंतीतच होती, बाहेर पडली नव्हती. आसपासच्या लसिकाग्रंथींमध्येही काही सापडलं नाही. दुसरी स्टेज, सर्जन म्हणाले. पाच वर्षं तपासणीला यावं लागेल, पण आज तरी सगळं निघालं आहे. धुडकूनं त्यांना हात जोडले. मग बाहेर नळाशी जाऊन तो बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला.

आता सरलाबाई थोडं थोडं, दिवसातून अनेकदा खातात. जेवल्यावर लगेच आडव्या होत नाहीत, अन्न वर येऊ नये म्हणून खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या आहेत. परवा त्यांनी नूतनच्या हातचं वांग्याचं भरीत चाखलं आणि सांगितलं, मीठ कमी शे.