डावा कान उघडा

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवर मी चार वर्षं आहे आणि चारही वर्षं तुमचे अनुभव वाचून हसत आलोय. पांढरी साडी, मागून आलेली हाक, कुत्र्यांचं रडणं... काही जणांच्या पोस्टखाली मी खवचट कमेंट टाकल्यात, शोधल्या तर सापडतील. देवाला हात जोडत नाही, भुताला घाबरत नाही, रस्त्यात लिंबू-मिरची दिसली तर मुद्दाम तुडवून पुढे जातो. तेव्हा आज माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण यातली सगळ्यात वाईट गोष्ट भुताने केलेली नाही. ती मी केलीय.

मी विजय. वय पंचेचाळीस, लालबागला चाळीत राहतो. आठवडाभर एका कारखान्यात मेंटेनन्सला असतो आणि रविवारी चाळीच्या आवारात गाड्या ट्यून करतो. म्हणजे काय, तर लोक जुन्या गाडीला टर्बो बसवतात, मोठे इंजेक्टर लावतात, मग त्या इंजिनाला किती हवेला किती पेट्रोल द्यायचं हे नव्याने शिकवावं लागतं. गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडायचा, गाडी पळवायची आणि आकडे बघत टेबल भरत जायचं. हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा बाराच्या आसपास राहिला तर इंजिन खूश. फुल रेसमध्ये पंधराकडे सरकला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तसंच दाबून धरलं तर काही सेकंदांत पिस्टन वितळतो.

हे काम एकट्याचं नाही. मी आणि मिलिंद दोघं मिळून करायचो. मिलिंद नायगावचा, शाळेपासूनचा दोस्त. माझ्या घरी तो मासे खायला आणि मी त्याच्याकडे चौदा एप्रिलला जेवायला, असं पंचवीस-तीस वर्षं चाललेलं. कॉम्प्युटर माझा, कान त्याचे. आवारात गाडी नुसती चालू केली तरी तो गॅलरीतून सांगायचा, "विज्या, तीन नंबरचा सिलिंडर जरा कोरडा वाजतोय." मी प्लग काढून बघायचो तर तीन नंबरच निघायचा.

त्याने स्वतः एक हेडफोन बनवला होता. इंजिनच्या ब्लॉकला एक सेन्सर बोल्टने आवळायचा, वायर आत एका डबीत, आणि डबीतून हेडफोनला. इंजिनच्या पोटात पेट्रोल नको त्या वेळी फुटलं की बाटलीत खडे हलवल्यासारखं ऐकू येतं, त्याला नॉक म्हणतात. गाडी तोच चालवायचा. हेडफोनची एक वाटी उजव्या कानावर घट्ट, दुसरी कानामागे सरकवलेली. डावा कान कायम उघडा. कारण डावीकडे मी बसलेलो असायचो, मांडीवर लॅपटॉप घेऊन. त्याची नजर रस्त्यावर आणि माझी आकड्यावर. मी आकडे मोठ्याने वाचायचे, त्याने ते परत म्हणायचे, म्हणजे ऐकलं याची खात्री. आणि नियम एकच. मी "सोड" म्हटलं की त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. त्याने स्वतःच्या मनाने उचलायचा नाही, नाहीतर लॉग, म्हणजे लॅपटॉपवरची आकड्यांची नोंद, अर्धवट राहतो आणि सगळी फेरी फुकट जाते. हा नियम मीच केला होता.

सात वर्षांपूर्वीचा रविवार. शिवाजी पार्कच्या एका क्लायंटची गाडी होती. सकाळी साडेसहाला शिवडीला गोदीच्या भिंतीकडेचा सरळ रस्ता रिकामा असतो, तिथे आम्ही शेवटची फेरी मारत होतो. सगळं इतकं मस्त चाललेलं की मला हुशारी सुचली. इंटरनेटवर टाकायला मी मोबाइल काढून टर्बोचा दाब दाखवणाऱ्या काट्याचा व्हिडिओ घेऊ लागलो. लॅपटॉप मांडीवरच होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो.

पेट्रोलचा पंप तेवढ्यात दमला. आकडा पंधरावर गेला आणि चार सेकंद तिथेच राहिला. चार सेकंद, हे नंतर लॉगमध्ये मोजलं. मग खाडकन आवाज झाला आणि मागे निळा धूर.

गाडी ढकलत, मग टो करून आवारात आणली. क्लायंट आला. त्याने विचारलं, "झालं कसं?" मिलिंद माझ्याकडे बघत होता. चिडून नाही, नुसता, मी काय सांगतो ते ऐकायला. आणि मी म्हणालो, "मी दोनदा सांगितलं याला. सोड, अरे सोड. याने ऐकलंच नाही."

का म्हणालो, याचं आजही धड उत्तर नाही. घाबरलो होतो. नाव खराब होईल असं वाटलं. वाटलं, मिलिंद भांडेल, शिव्या घालेल, रात्री दोघं बसू आणि मिटवून टाकू. तो भांडला असता तर मी कबूल केलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातलेली आहे. तो भांडला नाही. त्याने डाव्या कानाला हात लावला आणि हळूच म्हणाला, "तू बोललास? मला आलंच नाही रे ऐकू."

मी खोटं बोलेन हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यापेक्षा आपला कान गेला, हे त्याला खरं वाटलं.

व्हिडिओमध्ये आवाज होता, म्हणजे त्यात कोणी "सोड" म्हटलेलं नाही हेही होतं. तो मी दुपारीच डिलीट केला.

पुढच्या आठवड्यात मिलिंद हेडफोन घेऊन आला. म्हणाला, "तू ठेव. माझ्या कानाचा आता भरवसा नाही. उद्या कोणाचा जीव जायचा." मी घेतला. हो, घेतला, आणि वर चहासुद्धा पाजला. त्यानंतर त्याने हे काम बंद केलं. स्पेअर पार्टच्या एका दुकानात काउंटरला लागला, वडाळ्याला राहायला गेला. तिथे बेल्ट आणि फिल्टर विकतो. माझं मात्र उत्तम चाललं. त्या क्लायंटने सगळीकडे सांगितलं की विजय चांगला आहे, तो दुसरा निष्काळजी होता. आईने एकदाच विचारलं, "मिलिंद हल्ली येना नाय? काय बोललंस तेका?" मी म्हटलं, कामात असतो तो. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग भाजी निवडू लागली.

आता मूळ अनुभव.

या जानेवारीतली गोष्ट. माझी स्वतःची गाडी, दोन वर्षं खपून बांधलेली. रविवार, सकाळचे पावणेसात, शिवडीचा तोच रस्ता. लख्ख उजाडलेलं, पलीकडे दोन म्हातारे फिरायला निघालेले. भुताचं वातावरण वगैरे शून्य. मी एकटा होतो. लॅपटॉप डावीकडच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला, आकडा वर सरकला की वाजेल असा एक बजर मी लावून घेतला होता. डोक्याला मिलिंदचा हेडफोन, त्याच्याच पद्धतीने, उजवा कान झाकलेला आणि डावा उघडा. डावा उघडा ठेवायचं खरं तर कारण नव्हतं, शेजारी कोणीच नव्हतं. सवय.

तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबला. उजव्या कानात इंजिन स्वच्छ वाजत होतं. बजर गप्प.

आणि डाव्या कानाशी कोणीतरी म्हणालं, "सोड... अरे सोड."

रेडिओ बंद होता. मोबाइल घरी होता, त्या रविवारपासून मी गाडीत मोबाइल नेतच नाही. काचा वर. आवाज रिकाम्या सीटवरून आला, माणूस जिथे बसतो त्या उंचीवरून, आणि इतका जवळून की कानाला ऊब लागली. माझा पाय आपोआप उचलला गेला. त्यानंतर बजर वाजला, इंजिनने एक आचका दिला आणि ते बंद पडलं. गाडी भिंतीच्या कडेला जाऊन थांबली. मी स्टिअरिंग धरून बसलो. सांगायला लाज वाटत नाही, मी रडलो.

कारण आवाज मिलिंदचा नव्हता, कुणा मेलेल्याचाही नव्हता. आपलाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की कसा परका वाटतो, आधी ओळखू येत नाही आणि मग अंगावर येतो... तसा. तो माझा आवाज होता. सात वर्षं जुना, जरा पातळ. आणि शब्द तेच, जे मी आवारात उभं राहून सांगितले होते आणि गाडीत कधी बोललोच नव्हतो.

आता तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. मीसुद्धा दुसऱ्याला हेच लिहिलं असतं. म्हणून घरी येऊन लॉग उघडला. पंपाच्या वायरिंगमधली एक पिन जळाली होती, त्यामुळे पेट्रोलचं प्रेशर पडलं, ते ठीक. पण लॉगमध्ये आधी माझा पाय उचललेला दिसतो, आणि प्रेशर त्यानंतर पडायला लागतं. पाऊण सेकंदाने. आधी इंजिन बिघडलं असतं, माझ्या कानाने ते नकळत टिपलं असतं आणि मी पाय काढला असता, तर गोष्ट संपली. पण मी पाय उचलला तेव्हा सगळे आकडे जागच्या जागी होते. घाबरण्यासारखं अजून काही झालेलंच नव्हतं. हेडफोनच्या वायरवरून रेकॉर्डिंगही होत होतं. आवाज वायरमधूनच आला का, हे बघायला ते मी शंभर वेळा ऐकलंय. त्यात इंजिन आहे, बाकी कोणी नाही.

चार दिवस झोप नाही. पाचव्या दिवशी हेडफोन पिशवीत घालून वडाळ्याला गेलो. सुजाता वहिनींनी दार उघडलं. मिलिंद खिडकीशी पेपर वाचत होता. सात वर्षांत टक्कल पडलंय त्याला. मला बघून उठला, हसला, आणि मी डावीकडच्या खुर्चीवर बसायला गेलो तर दंड धरून मला उजवीकडे नेलं. "इकडे बस. त्या बाजूने मला नीट येत नाही."

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना. तीनदा कान तपासला. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. विश्वासच ठेवत नाहीत. रस्त्याने चालताना पण मला उजव्या बाजूला घेतात."

चहा माझ्या हातात निवत होता. मी सगळं सांगितलं. आधी जानेवारीतला आवाज, मग मोबाइल, मग व्हिडिओ. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या त्या तशाच राहिल्या.

मिलिंदने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "मला नॉक आला होता त्या दिवशी. उजव्या कानात, स्पष्ट. पाय उचलणार होतो. म्हटलं, विज्या सोड म्हणत नाही म्हणजे आकडा बरोबर असणार. आपलंच काहीतरी चुकतंय."

"मिल्या..."

"आणि तुझ्या वेळेला आवाज आला."

"हो."

"तुझाच."

"हो."

"बरंय." तो हसला. असा हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "गाडी तुझी होती ना, म्हणून आला असेल."

मग तो उठला, त्याने स्वतःची खुर्ची उचलून फिरवली आणि डावा कान माझ्याकडे करून बसला. उजवा कान त्याने तळहाताने दाबून धरला.

"आता परत बोल."

"काय?"

"जे आता बोललास ते. हळू बोल."

मी अगदी हळू म्हणालो, "मी सोड म्हणालो नव्हतो."

त्याने मान हलवली. "ऐकू आलं," म्हणाला. मग वहिनींकडे वळून, "सुजाता, ऐकू आलं मला." वहिनींनी तोंडाला पदर लावला. मिलिंदने जाऊन दार उघडलं आणि धरून उभा राहिला. मी निघालो. हेडफोनची पिशवी खुर्चीवर ठेवली होती, ती त्याने माझ्या हातात परत दिली.

याला आता सहा महिने झाले. मी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही, आणि का उचलावा. गाडी आता आवारात कव्हर घालून उभी आहे. कव्हर घालण्याआधी, पिन बदलून, त्या रस्त्यावर त्याच वेळेला, डावा कान उघडा ठेवून मी ती चारदा पळवून आलो. काही नाही. इंजिन आणि वारा.

कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, लॉगची फाइल पाठवायला तयार आहे. मला स्वतःला सुचलेलं नाही. त्या चार सेकंदांत जो आवाज माझ्या घशातून निघायला हवा होता, तो सात वर्षं कुठे होता, आणि आला तर माझ्याच कानात का आला, हे मला अजून कळलेलं नाही.