हात न लावता

मी फळीवरून उतरलो आणि गड्यानं तिच्यावर गोमूत्र शिंपडलं.

फळी मीच तासलेली. पांगाऱ्याची, हलकी, पुरुषभर लांब. तिच्यावर उभं कसं राहायचं ते आत्ताच करून दाखवलं होतं. अंगावरचं पाणी अजून निथळत होतं. मी मान खाली घालून उभा. वर थोडा हसलोसुद्धा, धनी रावसाहेबांना अवघड वाटू नये म्हणून.

आम्ही कोकणातले महार. शाळा दुसरीतच सुटली. समुद्र तेवढा कुणी अडवला नाही. फुटक्या होडीच्या फळीवर पालथं पडायचं, लाट धरायची, उभं राहून किनाऱ्यापर्यंत यायचं. एवढीच माझी विद्या. पुढं एका घोड्यांच्या व्यापाऱ्यानं गवत कापायला म्हणून म्हैसूरला आणलं आणि इथंच टाकून गेला. बोली कळेना. अशात रावसाहेब माझ्याशी मराठीत बोलले. त्यांचे वाडवडील इथल्या महाराजांच्या घोडदळात आले, ते इथलेच झाले. मराठी अर्धी कानडी, पण मला तीच माहेरासारखी. पागेमागं कोपरा दिला, दोन वेळची नाचणी दिली. रात्री झोपताना मी त्यांच्या नावानं हात जोडायचो. खोटं कशाला सांगू.

त्यांनी इंग्रजी मासिकात चित्र पाहिलं. लाटेवर फळी, फळीवर उभा माणूस. मी बोलून गेलो की हे मला थोडं येतं.

"हौदा? खरंच?" ते म्हणाले. "मग आमच्या अप्पाला शिकव की. लाट नसली तर नसली, घोडा आहे."

अप्पासाहेब थोरला मुलगा. माझ्याच वयाचा. महिन्याभरात एक गोरा पाहुणा यायचा होता, त्याच्यापुढं करून दाखवायचं होतं. तलावाच्या बांधावरून मोतद्दारानं घोडा पळवायचा, घोड्याला दोर, दोराचं टोक अप्पाच्या हातात, अप्पा फळीवर. मी गळाभर पाण्यात. हातात बांबू. अट एकच, अंगाला हात लागता कामा नये. पाय कुठं ठेवायचा ते बांबूनं दाखवायचं.

पण हे बांबूनं शिकवता येत नाही. नवख्याचा घोटा धरून फळीच्या मध्यावर बसवावा लागतो. कंबर धरली की त्याची भीती जाते. मी नुसता ओरडायचो. अप्पा पडायचा, नाकातोंडात पाणी जायचं, आणि शिव्या मला.

त्या सकाळी त्यानं दोर मनगटाला गुंडाळला. घोडेस्वाराची सवय, लगाम गुंडाळायची. मी म्हटलं, सरकार, दोर नुसता मुठीत धरा, पडलात की सुटला पाहिजे. तो हसला.

"आमच्या घरात लगाम सोडत नाहीत रे."

मी बांबूनं मनगट दाखवलं. पुढं होऊन वेढा सोडवायला दोन बोटं पुरली असती.

घोडा निघाला. अप्पा गुडघ्यावर आला, उभा राहिला, आणि पडला. मोतद्दारानं घोडा थांबवला, पण दोर पाण्यातल्या बाभळीच्या खोडाला अडकला होता. मनगट दोरात, दोर खोडात, अप्पा पाण्याखाली. माझ्यापासून तीन हातांवर.

आणि मी बांधावरच्या रावसाहेबांकडं तोंड करून विचारलं, "सरकार, हात लावू का?"

रावसाहेबांनी मागं उभ्या असलेल्या भटजींकडं पाहिलं. पाण्यावर बुडबुडे येत होते. मी उभाच. मग ते ओरडले, "काढ!"

मी बुडी मारली. वेढा सोडवला, त्याला वर आणलं. श्वास परत येईस्तोवर त्यानं माझ्या गळ्याला मिठी मारली होती. नखं रुतलेली. बांधावर पोचल्यावर त्यानं हात काढले आणि मग माझ्याकडं पाहिलं नाही. त्याला न्हाऊ घातलं, पंचगव्य दिलं.

माझ्यासाठी गड्यानं नवं धोतर जमिनीवर ठेवलं आणि मागं सरला. रावसाहेब मायेनंच बोलले. ती माया खरी होती, म्हणून जास्त लागलं.

"भिऊ नको. तुझा दोष नाही. उद्यापासून स्वल्प लांब बांबू घे."

या गावात दुसरं दार मला ठाऊक नव्हतं.

"हात लावून शिकवीन, सरकार. नाहीतर नाही."

"तुला अन्न कुणी घातलं रे?"

"तुम्हीच."

"मग?"

बांबू धोतरावर आडवा ठेवला आणि निघालो. पागेतला कोपरा त्याच दिवशी सुटला. चार दिवस देवळामागच्या खरकट्यावर काढले. आता गावाबाहेर खडी फोडतो. रावसाहेबांची नाचणी अजून आठवते. तिचे उपकार मी नाकारत नाही.

पण तीन हातांवर माणूस मरत होता आणि मी परवानगी मागितली. तो प्रश्न माझ्या तोंडात कुणी घातला, किती पिढ्या घातला, ते मला कळलं आहे. यापुढं हात उचलताना मी कुणाकडं बघणार नाही. मग ज्याला शुद्ध व्हायचं त्यानं व्हावं.