जावईबापूंची शर्यत

जावईबापूंचे पाय चोळायची पाळी आम्हा चौघांत फिरती होती. शर्यतीचा दिवस संपला, की मुक्कामाच्या धर्मशाळेत ते सतरंजीवर पालथे पडत आणि आमच्यापैकी एकजण कोमट करडईचं तेल घेऊन त्यांच्या पोटऱ्यांपाशी बसे. तेवढेच मैल आम्हीही तुडवलेले असत. आम्ही एकमेकांचे पाय चोळायचो, तेल उरलं तर. आज इतक्या वर्षांनीही करडईचं तेल तापल्याचा वास आला, की माझं डोकं फिरतं. सून तळण काढायला बसली की मी उठून अंगणात जातो. तिला वाटतं, म्हाताऱ्याला धूर सोसत नाही.

मी मूळचा माढ्याकडचा. सोलापूरच्या गिरणीत फिटर होतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवर गावाकडं जाऊन संध्याकाळी परत यायचो. रस्ता खडीचा, धूळ घोट्यापर्यंत. एकदा शहरातल्या एका सायकलच्या दुकानदारानं मला पुणे नाक्यावर अडवलं. म्हणाला, "एवढ्या लांबून येऊन तुला दम कसा लागत नाही? गिरणी सोड. माझ्याकडं ये. सायकल मारायचा पगार देतो." मला वाटलं, थट्टा करतोय. पण थट्टा नव्हती. त्याला आपल्या दुकानाची टोळी हवी होती, पाठीवर दुकानाचं नाव लिहिलेली. तिला तो इंग्रजीत 'टीम' म्हणे, आणि आम्ही त्याला मालक म्हणत असू.

टीममध्ये आम्ही पाचजण. बार्शीकडचे दोन भाऊ, मी, मालकांचे जावई, आणि अन्ना. जावयांना सगळे जावईबापूच म्हणत. शर्यतीतसुद्धा. "जावईबापू, डावीकडं खड्डा हाय!" असं ओरडत आम्ही सायकली हाणायचो. आता हसू येतं, पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

अन्ना सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातला. बाजारातून सुताची गाठोडी सायकलवर लादून मागावाल्यांच्या घरोघर पोचवायचं काम त्यानं लहानपणापासून केलेलं. उंच, काटक, पाय लांबच लांब. मी त्याला अन्ना म्हणायचो, म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ; पुढं सगळेच म्हणू लागले. तो मला तम्मुडु म्हणायचा, म्हणजे धाकटा. त्याच्याइतका जोरात सायकल मारणारा माणूस मी पुढं कधी पाहिला नाही. हे मी प्रेमापोटी म्हणत नाही. त्याच्यावर मी जितका चिडलो तितका आयुष्यात कुणावर चिडलो नसेन, तरी हे म्हणतो.

ती मोठी शर्यत चार दिवसांची होती. सोलापुरातला सन तीसचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. पहिल्या दिवशी सोलापूर ते इंदापूर, दुसऱ्या दिवशी इंदापूर ते पुणे, मग त्याच वाटेनं दोन दिवसांत परत. चारही दिवसांचा वेळ एकत्र धरून ज्याचा सगळ्यात कमी, तो पहिला. पुण्याची एक टोळी होती आणि छावणीतले काही गोरे सोल्जर होते. त्यांच्यातला एक लाल केसांचा फार तयारीचा. सोलापुरात जो तो म्हणायचा, या लाल्याला आपल्या माणसानं मागं टाकलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी शहरानं काय काय सोसलं होतं ते आठवून म्हणायचे.

पहिल्या दिवशीच अन्नानं त्याला मागं टाकलं असतं. वारा पाठीवर होता. पण आदल्या दिवशी मालकांच्या मॅनेजरनं आम्हाला दुकानात उभं करून सांगितलं होतं, "जावईबापूंच्या पुढं कुणी जायचं नाही. त्यांना मध्ये घेऊन चालायचं. वारा लागू द्यायचा नाही." हा मॅनेजर शर्यतभर मालकांच्या मोटारीतून आमच्यामागं यायचा आणि शिटी वाजवायचा. एक शिटी म्हणजे हळू, दोन म्हणजे जोरात. बैलांनासुद्धा माणूस नावानं हाका मारतो.

दुसऱ्या दिवशी पाटसच्या अलीकडं जावईबापूंच्या पोटात कळ आली आणि ते मागं पडले. मॅनेजरची मोटार त्यांच्याजवळ थांबली. तेवढ्यात लाल केसांचा सोल्जर सुटला. अन्नानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "जा की! कशाला थांबलायस?" तो गेला.

पुढं यवतपर्यंत ते दोघं एकमेकांना खेटून चालले होते, असं वाटेत उभी असलेली माणसं आम्हाला ओरडून सांगत होती. माझे पाय भरून आले होते, पण ते ऐकून मी उडत चाललो होतो. आणि मग यवत सोडल्यावर मला अन्ना दिसला. रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली. शेजारी त्याची सायकल उभी, पुढचं चाक नसलेली.

"पंक्चर?" मी उतरलो.

"नाही. जावईबापूंचं झालं. बाभळीचा काटा."

"मग तुझं चाक कुटं हाय?"

त्यानं पुण्याकडं बोट दाखवलं.

मला आधी कळलंच नाही. जावईबापू तर आमच्या मागं होते. मग कळलं. मॅनेजरनं त्यांना मोटारीत घालून पुढं आणलं होतं, धुरळ्यात आम्हाला दिसलं नव्हतं इतकंच. यवतपाशी उतरवलं, तेव्हा काटा लागला. मग मोटार अन्नाच्या पुढं नेऊन आडवी घातली आणि चाक काढून घेतलं. पाना मॅनेजरकडंच होता.

"आणि तू दिलंस?"

"सायकल कुणाची आहे?" अन्ना म्हणाला. तो चिडला नव्हता. घोटभर पाणी मागितलं आणि म्हणाला, "तू जा. तुझा वेळ वाया चाललाय."

मी गेलो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. मी तिथं माझी सायकलच त्याला देऊ शकलो असतो. माझं डोकं तापलं होतं, मॅनेजरला काय काय बोलायचं ते सगळं मी मनात जुळवत होतो, पण पाय मात्र पॅडलवर गेले. पुण्यात पंचांनी विचारलं, वाटेत काही गैर दिसलं का. मॅनेजर माझ्या शेजारी उभा होता. मी म्हणालो, "न्हाय."

अन्ना सगळ्यात शेवटी आला. यवतमधल्या कुणाचं तरी जुनं चाक त्याला नंतर मिळालं होतं. त्याचा वेळ गेला तो गेला. जावईबापू लाल्याच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरावर होते. त्या दिवशी पाय चोळायची पाळी अन्नाची होती, आणि त्यानं ते चोळले. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो. आतून जावईबापूंचा आवाज येत होता, "जरा वर, गुडघ्याच्या मागं. हां, तिथं."

परतीचा पहिला दिवस मला फारसा आठवत नाही. वारा तोंडावर होता आणि मी कुणाशी बोलत नव्हतो.

शेवटच्या दिवशी इंदापुरातून निघालो. ज्वारीची कापणी झाली होती, रस्त्यानं कडब्याच्या गाड्या चालल्या होत्या. मोहोळच्या बऱ्याच पुढं लाल केसांच्या सोल्जरची चेन तुटली. तो रस्त्याकडेला बसून ती जोडू लागला. मागून शिट्यांवर शिट्या सुरू झाल्या. मॅनेजर मोटारीतून अर्धा बाहेर आला होता. आता जावईबापू पहिले येणार! आम्ही त्यांना मध्ये घेऊन निघालो. आणि मैलभर जातो न जातो तोच जावईबापू मागं वळून पाहायला गेले, की तो सोल्जर दिसतोय का, आणि सरळ कडब्याच्या गाडीवर आदळले. त्यांना काही झालं नाही, कडबाच होता. सायकलीचा पुढचा चिमटा मात्र वाकून चाकात गेला.

मोटार येऊन थांबली. मॅनेजर म्हणाला, "अन्ना, उतर. सायकल दे."

सोलापूर आठ-नऊ मैलांवर होतं. पुणे नाक्यावर अन्नाची आख्खी गल्ली येऊन थांबणार होती. त्याची आई, बायको, हलगी घेऊन आलेली पोरं. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजरलाही ठाऊक होतं.

अन्ना उतरला. जावईबापू त्याच्या सायकलवर बसले आणि निघाले. सीट त्यांना उंच होती, तरी निघाले.

तेव्हा माझा तोल गेला. मी माझी सायकल अन्नापुढं आडवी टाकली. "घे. ही घे आन् जा. त्याला गाठ, त्याला मागं टाक आन् तुज्या आईपुढं पयला जा. तू न्हाय गेलास तर मी हितंच ही दगडानं फोडतो."

मॅनेजर ओरडला, "ती सायकल दुकानाची आहे!"

"मग दुकानाला सांगा येऊन घेऊन जायला," मी म्हणालो.

अन्ना माझ्याकडं बघत राहिला. माझी सायकल त्याला बुटकी होती, गुडघे हँडलला लागत होते. पण तो बसला आणि असा सुटला की मोटारीला त्याला गाठायला वेळ लागला. मी कडब्याच्या गाडीवाल्याला म्हणालो, "पावणं, नाक्यापर्यंत न्या." तो म्हणाला, "बसा की. तुमचा साहेब आमचा कडबा उधळून गेला, तेवढा भरू लागा मंजे झालं." मी भरू लागलो.

नाक्यावर पोचलो तेव्हा गर्दी पांगली होती. मी एकाला विचारलं, कोण जिंकलं? "दुकानवाल्याचा जावई. पर काय सांगू, तो पूर्व भागातला लंबू त्याच्या म्होरं वारा कापत आला. बुटक्या सायकलवर! पार नाक्यापर्यंत त्यानंच वडत आणला. आन् शेवटाला बाजूला झाला."

बाजूला झाला. मी ते दोनदा विचारून घेतलं.

अन्ना त्याच्या घरच्यांत बसला होता. कपाळावर गुलाल, मांडीवर कुणाचं तरी पोर. मला बघून उठला. मी म्हणालो, "तुला लाज न्हाय वाटली?" त्याची आई तेलुगूत काहीतरी विचारू लागली. मी परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी फोटो होता. मालकांनी फोटोवाल्याला दुकानातच बोलावलं होतं. मागं निसर्गाचा रंगवलेला पडदा लावला होता. पुढं जावईबापू, हातात कप, बाजूला त्यांची सायकल, म्हणजे अन्नाचीच. ती आपल्याआप उभी राहीना. फोटोवाला म्हणाला, कुणीतरी मागून धरायला पाहिजे. मालक म्हणाले, "अन्ना, तू पडद्यामागं बस आणि सीट धर. हालायचं नाही."

आणि तो माणूस पडद्यामागं जाऊन उकिडवा बसला. खालून हात घालून त्यानं सीट धरली.

मी कडेला उभा होतो. यवतचा लिंब, कालचा नाका, माझी ती "न्हाय", सगळं एकदम वर आलं. मी पुढं झालो आणि पडदा धरून ओढला. दांडीसकट खाली आला. फोटोवाला किंचाळला. सगळ्यांच्या समोर अन्ना तिथं उकिडवा बसलेला, हात पुढं, मान खाली. बार्शीकरांपैकी एकजण हसला.

मी मालकांना म्हणालो, "आता काडा फोटू. शर्यत कुणी जिंकली ते दिसू द्या."

मालकांनी मला हाताला धरून बाहेर काढलं ते सोडाच. अन्ना माझ्यामागं रस्त्यावर आला. इतका संतापलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "कुणी सांगितलं होतं तुला? पडद्यामागं होतो तर कुणाला दिसत तरी नव्हतो. तू दाखवलंस. सगळ्यांना दाखवलंस." एवढं बोलून तो परत आत गेला.

मी गिरणीत गेलो. तिथं मला पुन्हा घेतलं. पुढं कधी त्या दुकानावरून जाण्याची वेळ आली, तर तो फोटो समोरच्या भिंतीवर दिसायचा. नंतर पुन्हा काढलेला. जावईबापू, कप, सायकल, आणि नीट पाहिलं तर सीटखाली चार बोटं. मी रस्ता बदलला.

तीन-चार वर्षांनी मालकांनी मोटारी विकायचा धंदा काढला आणि टीम मोडली. अन्ना परत सुताची गाठोडी वाहू लागला, आता भाड्याच्या सायकलवर. एकदा गिरणीच्या फाटकापाशी तोच समोर आला. आम्ही चहा घेतला. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलंच, "त्या दिशी बाजूला का झालास? खरं सांग."

त्यानं बशीतला चहा संपवला. "पुढं गेलो असतो, तर दुसऱ्या दिवशी मला सायकल कुणी दिली असती? मला सायकल मारायची होती, तम्मुडु. जिंकायचं नंतरचं. त्या चांगल्या सायकलवर, मोकळ्या रस्त्यावर, रोज. तुला गिरणी होती. मला ती एकच वाट होती. आणखी तीन वर्षं मारली की मी."

त्याच्यावरचा राग तिथंच गेला. पण सगळाच राग गेला असं मी म्हणणार नाही. माणसाला जे उत्तम येतं ते नुसतं करू देण्यासाठी ज्यांनी त्याला पडद्यामागं बसवलं, त्यांच्यावरचा गेलेला नाही. यवतच्या लिंबाखाली त्याला सोडून जो पुण्याला निघून गेला, त्याच्यावरचाही नाही.