वरचा एक पौंड

बँकेच्या काचेवर मोठा पिवळा कागद लावलेला होता. छत्रीखाली हसणारी मुलगी आणि वर ठळक 'फ्री बँकिंग'. एवढं इंग्रजी मला वाचता यायचं. माझी शाळा नववीतच सुटली. खालची बारीक अक्षरं शिकलेल्यांसाठी असतील असं समजून मी आत गेले. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात चादरींच्या घड्या घालणारी मी, आणि तिथे मला बसायला खुर्ची दिली, 'मॅडम' म्हटलं.

खातं उघडलं ते एकाच गोष्टीसाठी. मिरजेला धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. यांच्या पगारात घर चालायचं, माझ्या पगारात तिकीट. तिला हळद मीच लावणार, असं तिला कळवूनही टाकलं होतं.

त्याआधी साखरपुडा होता. ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई गावी निघाल्या होत्या, त्यांच्या हाती आहेर पाठवायचा होता. खात्यात तेव्हा नेमके शंभर पौंड. पण शून्यावर संपणारा आहेर आमच्यात कुणी देतं का? वर एक हवाच. रोख काढायला मी काउंटरवर एकशे एकचा चेक दिला. तिथली बाई हसली. "शुक्रवारी पगार येतोय ना तुझा? मग घे की!" केवढा चांगुलपणा! दारातून वळून मी पुन्हा थँक्यू म्हटलं.

पुढे आठवड्यामागून आठवडे ओव्हरटाइम केला, तिकिटापुरते साठले. लंडनच्या इल्फर्डमधल्या गुजराती तिकीट एजंटला पोस्टानं चेक पाठवला आणि पैठणी बॅगेत तळाशी ठेवली. मग त्याचा फोन आला, "बेन, चेक पाछो आव्यो. डिसेंबरनी सीट हुं केम राखुं?" चेक न वटता परत आला होता, सीट तो धरून ठेवणार नव्हता.

धावत बँकेत गेले. त्याच बाईनं माहितीपत्रक उलटं करून बोट ठेवलं. खात्यात शिल्लक असेल तोवरच फ्री. एका पौंडानं जरी खाली गेलं, तरी त्या तिमाहीतल्या प्रत्येक चेकचा, पैसे काढण्याचा आकार द्यायचा. तो त्यांनी गुपचूप कापून घेतला होता, म्हणून तिकिटाला थोडे कमी पडले. चेक परत केल्याचा आकार आणखी वेगळा. "सॉरी, लव्ह," ती म्हणाली. आणि मी, सवयीनं, थँक्यू म्हणाले.

घरी हे म्हणाले, "अगं, निदान ती छत्री तरी मागायचीस!" रडता रडता हसू आलं. पण सीट दुसऱ्या कुणाला गेली होती, आणि पुढची लग्नानंतरची होती.

लग्नाच्या दिवशी मी कामावरच होते. तिकडचा मुहूर्त आला तेव्हा हातात गरम चादर होती. मशीनच्या घरघरीत मनातल्या मनात मंगलाष्टकं म्हटली, पण ती मला नीट येत नव्हती. मधलं कडवं सारखं सुटायचं. आई आता डोळे पुसत असेल, माझी जागा कुणी घेतली असेल, एवढंच डोक्यात.

मिरजेला गेले ती बऱ्याच वर्षांनी. बहिणीनं मंगळसूत्राची डबी उघडली. आत तो पौंड.

"ताई, शंभर केव्हाच संपले गं. पण वरचा एक कसा खर्च करायचा?"

मी तिचा हात हातात घेतला. ती फोडणी टाकून उठली होती, बोटांना हळद लागलेली होती. मी तो हात बराच वेळ सोडला नाही.