नवसाचं नाव

कासाब्लांकाजवळच्या अझम्मूर गावच्या बाजारात ‘बूशाइब’ अशी हाक मारली, तर चार माना वळतात. मौलाय बूशाइबच्या दर्ग्यावर मुलगा मागायचा आणि झाला की त्याला त्या पीराचंच नाव ठेवायचं, ही गावची रीत. रकियाची कूस उजवत नव्हती, तेव्हा तिनेही असाच एक मागून घेतला. नवसाचं पोर, म्हणून ती त्याला लाडाने दुसरं काही म्हणायची नाही. पूर्ण नाव घ्यायची, तेही तोंड भरून.

पोरगं हुशार निघालं. फ्रान्सला, लील शहरात शिकलं आणि तिथल्याच एका विमा कंपनीत चिकटलं. कंपनीला देशाबाहेरचं आपलं पहिलं कार्यालय कासाब्लांकात काढायचं होतं. गिऱ्हाईक फोन करणार फ्रान्समधून, उत्तरं देणार इथली पोरं. उभारणीचं काम बूशाइबकडे आलं. जागा शोधण्यापासून तारा ओढून घेण्यापर्यंत सगळं त्याने अंगावर घेतलं. साहेबांची अट एकच होती: फोन समुद्रापलीकडे जातोय, हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. म्हणून फोनवर प्रत्येकाला फ्रेंच नाव. नझीहाची नादेज झाली, अब्दुस्समदचा आल्बेर, आणि बूशाइबचा ब्रूनो. भिंतीवर रोज लीलचं हवामान लिहिलेलं असायचं. बाहेर ऊन रणरणतंय, आणि पोरं फोनवर सुस्कारे टाकतायत, काय हो हा पाऊस!

इथवर ठीक होतं. पोटासाठी माणूस काय काय करतो. पण मालकाला नाही तेवढी घाई चाकराला. बूशाइबने वर आपला एक नियम काढला. दाराच्या आत आपसातसुद्धा खरं नाव घ्यायचं नाही, कारण जीभ घसरते. मोबाइल बाहेर ठेवायचे. आणि खऱ्या नावाने कुणाचा फोन आला तर सांगायचं, या नावाचं इथे कुणी नाही. ही अक्कल साहेबांनी शिकवली नव्हती, ती याची स्वतःची.

त्या हिवाळ्यात रकियाच्या छातीत कळ आली. शेजारीण हद्दा तिला फोनच्या दुकानात घेऊन गेली आणि लेकाने दिलेला कार्यालयाचा नंबर तिने लावून दिला. फोन नझीहाने उचलला. ती नवीन होती, इथल्या साहेबाचं, म्हणजे ब्रूनोचं, खरं नाव तिला ठाऊकच नव्हतं. आत फ्रेंचच बोलायचं असा दंडक, तरी म्हातारीचा आवाज ऐकून ती हळूच आपल्या बोलीत म्हणाली, “खाला, या नावाचं इथे कुणी नाही.”

अगं, तो तिथला साहेब आहे, असं रकियाने सांगून पाहिलं. आमच्या साहेबांचं नाव ब्रूनो, असं उत्तर आलं.

रविवारी बूशाइब घरी आला. ती कळ आणि तो फोन, दोन्ही हद्दाने त्याला दारातच सांगितलं. आता आई आपल्याला फाडून खाणार, असं त्याला वाटलं होतं. तिने सोललेली डाळिंबं पुढे ठेवली.

“तिथं तुला काय म्हणतात?”

“ब्रूनो. कामापुरतं गं, यम्मा.”

“बुरूनो,” ती म्हणाली. पुन्हा म्हणून पाहिलं, तरी जिभेला ते बसेना. तो पोट धरून हसला.

“हसतोस काय मेल्या? माझा मुलगा मला हवा असला, तर आधी या बुरूनोबाबाला विचारायला नको?”

निघताना त्याच्या मनात आलं, नियम काढून टाकावा, निदान आईपुरता. तिची छातीही डॉक्टरला दाखवायला हवी होती. पण लीलचे साहेब पाहणीला यायचे होते आणि कार्यालय राहणार की उठणार, ते त्यांच्या होकारावर होतं. एवढं पार पडू दे, मग बघू. या ‘मग’ने किती घरं बुडवली असतील!

साहेब आले त्याच सकाळी रकियाला जवळच्या अल जदीदाच्या इस्पितळात हलवलं. हद्दाने फोन लावून बूशाइबला मागितलं. नझीहाच्या पाठीशी साहेब उभे, तिची काय बिशाद! तिने ठरलेलं उत्तर दिलं. हद्दाने पुन्हा लावला, रडली, शिव्या घातल्या. पुन्हा तेच उत्तर. साहेबांनी नझीहाची पाठ थोपटली आणि बूशाइबला म्हणाले, पोरं छान तयार केलीस. तो खूश झाला. कुणाला नकार दिला, हे त्याने विचारलंही नाही.

जेवणाच्या सुट्टीत नझीहाला राहवेना. अझम्मूरची कुणी बाई रडत होती, बूशाइबची आई जाते म्हणत होती, असं तिने ब्रूनोला घाबरत सांगितलं. ऐकताक्षणी तो साहेबांना सोडून धावला.

रकियाचा श्वास अजून चालू होता. हद्दा तिच्या कानाशी वाकली. “रकिया, डोळे उघड गं. बूशाइब आलाय.”

रकियाने डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले.

“त्या नावाने मागू नकोस, देत नाहीत. बुरूनो म्हण.”

त्याने तिच्या कानात आपलं नाव सांगितलं. सांगतच राहिला. संध्याकाळच्या नमाजाआधी ती गेली.

कार्यालय टिकलं, वाढलं. तो नियम बूशाइबने त्याच आठवड्यात काढला आणि दारावर स्वतःच्या खऱ्या नावाची पाटी लावली. पण फोन करणारे अजून ब्रूनोलाच मागतात. बूशाइबला मागणारी एकच होती, आणि तिच्यासाठी आपण काय उत्तर ठरवून ठेवलं होतं, हे आठवलं की शुक्रवारी कुसकुसच्या भरल्या ताटावरून तो न जेवता उठतो.