मुकी घंटा

प्रज्वल चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला की दापोडीच्या त्या एका खोलीत दुर्गाबाईंची पूजा मुकी होई. लेकाची झोप मोडू नये म्हणून त्या घंटेचा लोलक बोटांत धरून ठेवत. पूजा अळणी वाटे, मन ठिकाणावर येत नसे. पण अपुऱ्या झोपेनं पोराला गाडीवर डुलकी लागली तर, हा घोर मोठा होता.

आज दिवा लावला, तोच पांघरुणातून आवाज आला, "आई, घंटा वाजव की."

"झोप ना रे बाबा!"

"झोप कुठली! डोळे मिटले की कानांत मशीन धाडधाड आदळतं. त्यापेक्षा तुझी घंटा बरी."

थकल्या हातानं त्या हळूहळू वाजवत राहिल्या. आरती संपली, प्रज्वल घोरू लागला, तरी थांबायचा धीर त्यांना होईना.