राक्षसांचा पंचनामा

गार्डकाका राक्षसांचे पिक्चर बघताना हातात पेन घेऊन बसत. साधंसुधं भूत त्यांना चालत नसे. नॉर्वे, स्वीडन असल्या बर्फाळ मुलखातलेच पिक्चर लागत, आणि तेही कसे, तर कुणाच्या तरी हरवलेल्या कॅमेऱ्यात सापडलं असावं असं हलणारं, धापा टाकणारं चित्रण. रविवारी भर दुपारी, भोकरच्या उन्हात, खिडकीला चादर लावून आम्ही ते बघायचो. लॅपटॉप माझा, पेनड्राइव्ह त्यांचा, चहा काकूंचा. वनखात्यात गार्ड म्हणून उभा जन्म काढलेला हा माणूस जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर लिहीत असे, "ठसा दोन हात. चिखल ओला. जनावर जवळच."

मी त्यांची भाडेकरू. नोकरीसाठी लातूर सोडून आलेली, जवळच्या खेड्यात शाळेवर शिकवणारी, आणि जिभेची तिखट. "काका, भाषा कळत नाही, तुम्ही बघता तरी काय एवढं?"

"पंचनामा बघून राहिलो, बाई. आपल्या पिक्चरात राक्षस यायच्या आधी ढोल वाजतेत. हितं दिसलं तेवढंच दाखवतेत. न दिसलेलं कुणी घुसडत न्हाई."

त्या पिक्चरांतली माणसं त्यांना फार जवळची वाटत. एकात तळ्यातलं जनावर शोधायला आलेला सरकारी माणूस आधी काठावर बसून डबा उघडतो आणि बदलीची तक्रार करतो. काका मांडीवर थाप मारून हसले. "हाव! हा खरा गार्ड! राक्षस बी सांभाळायचा अन् साहेब बी!" पण जनावर जवळ आलं की त्यांचं हसू बंद. मग खोलीत कुणी पेला जरी ठेवला तरी त्यांची बोटं वर जात : खामोश.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. राक्षस अंगावर येतोय आणि कॅमेरावाला आपला शूटिंग करतोय! मी चिडायचे. "अरे, टाक ना तो कॅमेरा आणि पळ! अक्कल गहाण ठेवली की काय मेल्यांनी?"

"टाकला तर खरं काय झालं ते कोण सांगंल?" काका म्हणायचे. "कॅमेरा हलू द्या, बाई. बंद करायचा न्हाई."

हे सगळं चहासोबत ठीक होतं. त्या मंगळवारी सकाळी मात्र आमच्या शाळेच्या खिचडीच्या खोलीत बिबट्या शिरला.

स्वयंपाकाच्या मावशी किंचाळत बाहेर आल्या आणि त्यांनी दार बाहेरून लावून घेतलं. मी वर्गाला बाहेरून कडी घातली आणि काकांना फोन लावला. ते एकटेच मोटारसायकलवर आले. पकडणारी टीम नांदेडहून निघाली होती, म्हणजे दोन तास तरी नक्की. खिचडीची खोली आणि वर्ग यांच्यात एकच भिंत, आणि ती पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. वर्गात एकतीस पोरं.

काका खिचडीच्या दारासमोर काठी घेऊन उभे राहिले आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "शूट करा. आवाज न्हाई झाला तर ते गप पडून ऱ्हाईल. पोरांना सध्या हलवू नका." कुंपणावर अख्खं गाव जमलं होतं. काका हात जोडून सगळ्यांना गप्प बसवत होते. माझा कॅमेरा इतका हलत होता की त्या नॉर्वेवाल्यांनीही लाजावं.

आणि कुठल्यातरी शहाण्याने पत्र्यावर दगड मारला.

आतून गुरगुरणं आलं. तांदळाची पोती घसरल्याचा आवाज झाला. ते पोत्यांवर चढत होतं, म्हणजे भिंतीवरून थेट वर्गात. पोरांनी आकांत केला. मी फोन टाकला आणि धावले.

मग काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. कडी निघेना. पोरं माझ्या अंगावरून बाहेर पडत होती. शेवटी खिचडीचं दार फुटलं, काका खाली पडले, आणि ते पिवळं धूड त्यांच्या खांद्यावर पंजा मारून मागच्या तुरीत नाहीसं झालं. एकही पोर गेलं नाही. काकांचा डावा हात मात्र पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही.

तिसऱ्या दिवशी कुंपणावरच्या कुणाचा तरी व्हिडिओ तालुकाभर फिरला. त्यात मी फोन फेकते आणि पळते, एवढंच. खाली लिहिलेलं, "बिबट्या बघून बाई पळाल्या." दळण आणायला गेले तरी लोक हसायचे. शाळेने लेखी खुलासा मागितला. लातूरला परत जावं, नोकरी गेली खड्ड्यात, असं मी बॅग भरून ठरवलं होतं.

काका खांद्याला पट्टी बांधून शाळेत गेले आणि आपला फोन मुख्याध्यापकांपुढे ठेवून आले. खुलासा तिथेच मिटला. काय दाखवलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला माझाच भित्रेपणा पुन्हा बघायचा नव्हता. पुढे दर रविवारी ते हळूच विचारत, "आपला पिक्चर लावू का, बाई?" मी म्हणायचे, "नको. नॉर्वेच लावा."

निवृत्तीनंतर ते चाकूरला मुलीकडे गेले. जाताना रजिस्टर मला दिलं, पेनड्राइव्ह नेला. गेल्या हिवाळ्यात ते वारले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. "तुमच्यासाठीच ठेवा म्हणले होते."

त्यात सगळे राक्षस होते, आणि शेवटी एक फाइल : भोकर.

फोन पडलेला, तिरका. चौकटीत थोडी माती, काकांचे बूट आणि त्यांच्या मागून धावणारे अनवाणी पाय. काका हळू आवाजात मोजताहेत. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. "एक ऱ्हायलं, बाई." मग माझ्या चपला परत आत जातात. हे मला आठवतच नव्हतं. खिचडीचं दार धडधडतंय, काकांचे बूट तसूभर हलत नाहीत. माझ्या चपला बाहेर येतात, कडेवरच्या कुणाचे तरी दोन पाय लोंबकळताहेत. "एकतीस."

मग दार फुटतं. नुसती धूळ.

खूप वेळाने एक हात फोन उचलतो. काकांचा चेहरा, घामेजलेला, शर्ट रक्ताने भिजलेला. धाप आवरत ते थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात, पंचनामा सांगावा तसं. "समक्ष पाहिलं. बाईंनी फोन टाकला. जनावर होतं त्याच बाजूला पोरांकडं गेल्या. एकदा न्हाई, दोनदा. पळाल्या न्हाईत."

आणि फोन बंद न करता ते खिशात घालतात. पडदा काळा होतो. पुढे पोरांची रडारड, माझं ओरडणं, आणि या सगळ्यांच्या जवळ काकांचा जड श्वास. बराच वेळ तेवढंच.

मी शेवटपर्यंत ऐकलं. बंद केलं नाही.